पायापासून कळसापर्यंत

नगरच्या परिसरात पाया खणायला घेतला की दोन-चार हातांवर कुदळ खणकन वाजते. मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा हा दगड. त्यावर ठेवलेला पाया सहसा खचत नाही आणि त्यात बांधलेली भिंत पाचशे वर्षे उभी राहते. मात्र पाथरवटाच्या टाकीला तो सहजासहजी दाद देत नाही. छिन्नीची धार दिवसातून कितीतरी वेळा लावावी लागते, आणि एक चिरा चारही अंगांनी सरळ करायला कसबी हातालाही बराच वेळ लागतो.

असे असूनही या जिल्ह्यातली मोठी कामे दगडापाशी फारशी अडलेली दिसत नाहीत. ती अडली चुन्यासाठी, पाण्यासाठी, पावसाळ्यामुळे, जागेच्या वादात, पैशाच्या ओघाअभावी किंवा ज्याने काम हाती घेतले त्याचीच सत्ता गेल्यामुळे. अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. ज्यांच्या नावावरून हे नाव आले त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 मध्ये याच जिल्ह्यातल्या चोंडीचा. त्यांनी काशी, गया, वेरूळ अशी दूरदूरची देवळे बांधून किंवा दुरुस्त करून पुरी केली. त्यांच्या जन्मजिल्ह्यातल्या मोठ्या बांधकामांच्या नशिबी मात्र पुरे होण्याचे असे सुख नेहमीच आले नाही.

मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे तिथेच, सीना नदीच्या काठी, आपली राजधानी वसवली. त्याने बांधलेले पहिले कोट मातीचे होते. आज दिसणारा दगडी भुईकोट त्याचा नातू हुसेन निजामशहा याच्या काळातला, साधारण 1559 ते 1562 या वर्षांतला. या घाईला कारण होते. विजापूर आणि विजयनगरच्या फौजा त्याच सुमारास नगरवर चालून येत होत्या, आणि मातीच्या कोटाच्या भरवशावर राजधानी ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. तोफांचा जमाना तर आधीच सुरू झाला होता. विजापूरला आज पाहायला मिळणारी सुमारे 55 टनांची मुलूख-मैदान तोफ 1549 मध्ये ओतली गेली ती नगरलाच. ज्या शहरात अशी तोफ ओतली जाते, तिथल्या राजाला तटाची जाडी किती हवी हे वेगळे सांगावे लागत नाही.

मोकळ्या माळावर किल्ला बांधायचा तर डोंगराची मदत नसते. गडावर जी सोय कडा करतो, ती भुईकोटाला खणून आणि रचून मिळवावी लागते. नगरच्या किल्ल्याचा आकार जवळपास गोल आहे आणि त्यामागे साधा हिशेब आहे: तितक्याच लांबीच्या तटात सर्वांत जास्त जागा वर्तुळातच मावते, आणि शत्रूच्या तोफेला नेम धरायला कोपराही मिळत नाही. तटाचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, वीसहून जास्त बुरूज आणि भोवती सुमारे 30 मीटर रुंदीचा खंदक. अशा कामात खंदक आणि तट ही एकाच कामाची दोन टोके असतात. खंदकातून निघालेला मुरूम तटाच्या पोटात जातो, दगड त्याच्या अंगावर चढतो, आणि उरलेली माती खंदकाच्या बाहेरच्या कडेला उताराने पसरली जाते. नगरच्या किल्ल्यालाही बाहेरच्या बाजूने मातीचा असा चढ आहे. त्यामुळे दुरून तट पुरता दिसत नाही आणि तोफेचा गोळा त्याच्या बुंध्यावर थेट लागत नाही.

दगड जागेवर मिळाला तरी त्याला जोडणारा चुना बनवावा लागतो, आणि जुन्या कामांत सर्वांत किचकट भाग हाच होता. दख्खनच्या काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडतात. ते वेचायचे, लाकूड किंवा कोळशाबरोबर थरांनी भट्टीत रचून भाजायचे आणि मग पाणी मारून विरवायचे. विरवताना चुना फसफसून उकळतो, हातापायांची कातडी भाजते. त्यानंतर घाणीचे काम. जमिनीत गोल चर खणून त्याला आतून दगडाचे अस्तर करतात. मध्ये खुंटा, खुंट्याला आडवे लाकूड आणि लाकडाला जड दगडी चाक. बैल गोल फिरतो तसे चाक चरातून फिरते आणि चुना, वाळू व विटकर एकत्र मळली जाते. पुरती मळणी झाली की मिश्रण लोण्यासारखे होते. जुने गवंडी त्याचा गोळा भिंतीवर चापट मारून पाहत. तो घसरला तर घाणी पुन्हा सुरू. एका बैलाच्या घाणीतून दिवसभरात निघणारा चुना मर्यादित, म्हणून मोठ्या कामावर घाण्यांची रांगच लागायची. दगड किती घडवून ठेवले आहेत यापेक्षा घाण्या किती चालू आहेत यावर भिंत किती चढणार हे ठरत असे.

चुन्याची दुसरी अडचण त्याच्या स्वभावातच आहे. तो हवेतला वायू शोषून हळूहळू घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटातला चुना तर वर्षानुवर्षे कच्चा राहतो. भिंत भराभर वर नेली की खालच्या थरावरचा भार त्याच्या ताकदीपुढे जातो आणि भिंत पोटाला फुगते. म्हणून काम थरांनी, थांबून थांबून करावे लागते, आणि थांबताना ते ओले ठेवावे लागते. जिथे वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे भिंतींना पाणी पाजणे हीच चैन होती.

किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांची एक आठवण किल्ल्याजवळच उभी आहे. दमडी मशीद ही 1567 च्या सुमारास साहिरखान या सरदाराने बांधली. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद झाली, म्हणून हे नाव, असे सांगतात. तारखा जुळवून पाहिल्या तर किल्ल्याचे मुख्य काम तोवर उरकलेले दिसते. दमडी गोळा व्हायला वेळ लागतो असे म्हणून कथेला वाचवता येईल. मशीद मात्र लहान असून अतिशय कोरीव आहे. अखंड मोठे दगड, त्यांवरची बारीक नक्षी आणि सांध्यांची सफाई पाहिली की ज्या हातांनी किल्ल्याचे ओबडधोबड चिरे बसवले, त्याच हातांत हेही कसब होते हे लक्षात येते.

हुसेनच्या तटाची खरी परीक्षा तीन दशकांनी झाली. अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने 1595 च्या अखेरीस नगरला वेढा दिला. तट फोडण्यासाठी मोगलांनी त्याच्या खाली सुरुंग खणले. त्याची बातमी आतल्यांना लागली आणि त्यांनी उलट बाजूने खणत जाऊन काही सुरुंगांतली दारू काढून टाकली, पण एक उडाला आणि फेब्रुवारी 1596 मध्ये तटाला मोठे खिंडार पडले. दिवसभर खिंडारात लढाई झाली. किल्ला लढवणारी चांदबीबी स्वतः तलवार घेऊन तिथे उभी राहिली, आणि अंधार पडताच गवंडी कामाला लागले. चुना मळायला, दगड घडवायला वेळ नव्हता; हाताला लागेल ते रचून सकाळपर्यंत खिंडार बुजवले गेले. पाठोपाठ तह झाला. वऱ्हाड गेला, नगर तेवढे राहिले. एरवी महिन्यांचे काम रात्रीत कसे उरकते, याचे जिल्ह्याच्या इतिहासातले हे एकमेव उदाहरण असावे, आणि ती भिंत किती टिकाऊ होती हे विचारण्यात अर्थ नाही. चार वर्षांनी, 1600 मध्ये, किल्ला मोगलांकडे गेला.

शत्रू दारात नसतानाही काम अडते, याचा दाखला शहराच्या आग्नेयेला आहे. फराहबाग हा मोठ्या तलावाच्या मधोमध उभारलेला अष्टकोनी महाल. निजामशाहीचा वजीर चंगीझखान याने त्याचे काम सुरू केले. त्याच्या मृत्यूनंतर ते नियामतखानाकडे आले. इमारत उभी राहिली, पण राजाच्या मनास ती आली नाही, किंवा दरबारातल्या विरोधकांनी ती मनास येऊ दिली नाही. आणि पाडायचा हुकूम सुटला. मग सलाबतखानाने ती नव्याने बांधायला घेतली आणि 1583 मध्ये ती पुरी झाली. तीन माणसे, दोन इमारती आणि एकच जागा. आजच्या भाषेत आराखडा मंजूर होऊन बांधकाम झाल्यावर मालकाने नापसंती कळवली, असा हा प्रकार.

फराहबागेचे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. पाण्यात इमारत उभी करायची तर पाणी शेवटी येते, आधी कोरड्यात पाया, जोते आणि भिंती, मग तलाव भरणे. तलाव भरायला पाणी आणावे लागते ते दुरून. नगर शहराला पाणी पुरवणारे खापरी नळ याच काळातले. आसपासच्या उंच गावांच्या शिवारातल्या विहिरींपासून, म्हणजे कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा बाजूंनी, भाजक्या मातीच्या नळ्या जमिनीखालून शहरापर्यंत टाकलेल्या होत्या. नळीत नळी बसवायची, सांधा चुन्याने बुजवायचा आणि उतार सगळीकडे सारखा ठेवायचा. उतार कमी झाला तर गाळ बसतो, जास्त झाला तर वेगाने सांधे सुटतात. मध्ये मध्ये हवा बाहेर पडायला उच्छ्वास ठेवावे लागतात, नाहीतर नळीत कोंडलेली हवा पाणी अडवून धरते. कित्येक किलोमीटरच्या मार्गावर ओळंबा आणि पाणसळ एवढ्याच साधनांनी हा उतार साधणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. सलाबतखान हा या पाणीयोजनांत रस घेणारा मंत्री होता, आणि फराहबाग त्याच्याच हातून पुरी व्हावी हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

त्याच सलाबतखानाची स्वतःची इमारत मात्र लोकांच्या समजुतीत अर्धीच राहिली आहे. नगरहून पाथर्डीच्या वाटेला लागले की शहा डोंगरावर एक अष्टकोनी तिमजली इमारत दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. ती आहे सलाबतखानाची कबर, 1580 च्या सुमाराची. डोंगर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच, त्यावर वीसेक मीटरची ही इमारत. कमानींच्या गॅलऱ्या, खाली तळघर, तळघरात कबरी. दगडी अंगावर नक्षी जवळजवळ नाही. दौलताबाद दिसावे म्हणून ती सात मजली करायची होती, अशी आख्यायिका आहे. सात मजल्यांची गोष्ट खरी असो वा नसो, तीन मजले चढवणे म्हणजे काय होते याची कल्पना डोंगर चढताना येते. दगड माथ्यावरच मिळतो. चुना, वाळू, लाकूड आणि सर्वांत जड म्हणजे पाणी हे मात्र खालून बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर. दरम्यान दरबारात सलाबतखानाचे दिवस फिरले, त्याची सत्ता गेली, 1588 मध्ये त्याचा राजा मुर्तझा निजामशहा मारला गेला आणि वर्षभरात सलाबतखानही गेला. इमारतीला ज्याचा आधार होता तोच नाहीसा झाल्यावर पुढचे चार मजले कोण बांधणार?

बांधकाम चालू असताना त्याचा हेतूच बदलण्याचेही एक उदाहरण या जिल्ह्यात आहे, आणि ते सगळ्यांच्या परिचयाचे आहे. शिर्डीला नागपूरचे गोपाळराव उर्फ बापूसाहेब बुटी यांनी दगडी वाडा बांधायला घेतला होता. त्यात राहण्याची सोय आणि मध्यभागी मुरलीधराचे देऊळ व्हायचे होते. वाडा पुरा व्हायच्या बेतात असताना 15 ऑक्टोबर 1918 रोजी साईबाबांनी देह ठेवला आणि मुरलीधरासाठी राखलेल्या जागेवर त्यांची समाधी झाली. वाड्याचे समाधिमंदिर झाले. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती तिथे आली ती 1954 मध्ये. एका खासगी वाड्याला पुढे रोज हजारोंची गर्दी पेलायची आहे हे बांधणाऱ्याच्या हिशेबात असणे शक्यच नव्हते. त्यामुळे नंतरचा सारा विस्तार मूळ दगडी गाभा न हलवता, दर्शन चालू ठेवून करावा लागला. चालू देवस्थानात बांधकाम करण्याची ही अडचण पंढरपूर, तुळजापूर सगळीकडे सारखीच असते: कामाला जागा हवी आणि भाविकांनाही तीच जागा हवी. शिर्डीच्या नव्या दर्शनरांग संकुलाची पायाभरणी ऑक्टोबर 2018 मध्ये झाली, मध्ये करोनाची दोन वर्षे गेली आणि 26 ऑक्टोबर 2023 रोजी दहा हजारांहून अधिक भाविक बसू शकतील अशी ही इमारत खुली झाली.

जिल्ह्यातले सर्वांत अवघड दगडी काम मात्र महाल किंवा मंदिर नाही. ते पश्चिमेच्या टोकाला, अकोले तालुक्यात आहे. रतनगडाच्या कुशीत उगवणाऱ्या प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1910 मध्ये सुरू झाले आणि 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. विल्सन डॅम हे नाव त्यांच्यावरून आणि जलाशयाचे आर्थर लेक हे नाव अभियंता आर्थर हिल यांच्यावरून. उंची 82 मीटरहून अधिक, लांबी 507 मीटर, साठा सुमारे 11 अब्ज घनफूट. त्या काळी देशात इतके उंच दगडी धरण दुसरे नव्हते.

या धरणामागे दुष्काळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन मोठ्या दुष्काळांनी नगर, सोलापूर, पुण्याचा पूर्व भाग होरपळून निघाला. 1901 मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने दख्खनमध्ये घाटमाथ्यावर पाणी साठवून ते पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांना देण्यावर भर दिला. नगर जिल्ह्यापुरते याचे चित्र अगदी टोकाचे आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातले जामखेड-पाथर्डीचे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. भंडारदऱ्याचे पाणी नदीतून सोडायचे, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर अडवायचे आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूर, राहात्याच्या शेतांना द्यायचे, अशी ही रचना.

धरणाला जो पाऊस हवा होता तोच बांधकामाचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. जूनमध्ये पहिला पूर आला की नदीपात्रातले काम बंद, ते दिवाळीच्या आगेमागे सुरू. म्हणजे वर्षातले जेमतेम सात-आठ महिने हाताशी. त्यातही आधी पाणी वळवायचे, पात्र कोरडे करायचे, पावसाळ्यात वाहून आलेला गाळ उपसायचा आणि मग थर चढवायला सुरुवात. पावसाळ्यापूर्वी काम अशा उंचीला आणून सोडायचे की पूर अंगावरून गेला तरी ते उखडू नये. या हिशेबात एखादा महिना चुकला तर अख्खे वर्ष हातचे जात असे. रेल्वे इगतपुरी-घोटीकडे, तिथून पुढे घाटातली कच्ची वाट. चुन्यासाठी भट्ट्या, भट्ट्यांसाठी सरपण, मजुरांसाठी धान्य, सारे बैलगाडीने. दऱ्याखोऱ्यांतल्या अशा कामांवर हिवताप आणि पटकी या दोन साथी जणू ठरलेल्याच असत. मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले. सोळा वर्षे का लागली, हा प्रश्न तिथला पावसाळा पाहिलेला माणूस विचारत नाही.

धरण उभे राहण्याचे तत्त्व सांगायला सोपे आहे. दगडी धरण पाण्याला अडवते ते आपल्या वजनाने. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब जास्त. 80 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे 80 टन. हा दाब भिंतीला आडवा ढकलतो आणि मागच्या, म्हणजे पाण्याकडच्या पायथ्याला उचलू पाहतो. भिंतीचे वजन त्याला दाबून धरते. म्हणून धरणाचा छेद खाली रुंद आणि वर निमुळता. पण पाणी आणखी एक वाट शोधते. पायातल्या भेगांतून आणि दर्जांमधून ते भिंतीच्या पोटात शिरले की खालून वर ढकलू लागते, आणि तेवढे भिंतीचे वजन कमी झाल्यासारखे होते. फ्रान्समधले बूझे धरण 1895 मध्ये फुटले तेव्हा हा वरचा दाब अभियंत्यांच्या ठळकपणे लक्षात आला, तरीही पुढची बरीच वर्षे अनेक धरणांच्या गणितात त्याला पुरेशी जागा मिळाली नाही.

भंडारदऱ्याला 1969 मध्ये याचा अनुभव आला. उद्घाटनाला 43 वर्षे झाली असताना भरलेल्या धरणाच्या भिंतीतून मोठ्या प्रमाणात गळती सुरू झाली; दगडी कामात तडे गेले होते. महाराष्ट्राला पानशेतची आठवण ताजी होती. 12 जुलै 1961 रोजी ते मातीचे धरण फुटले, खडकवासल्याची दगडी भिंत त्या लोंढ्यापुढे टिकली नाही आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. भंडारदऱ्याखाली अकोले, संगमनेर अशी प्रवरेकाठची सलग वस्ती. जलाशयाची पातळी उतरवण्यात आली, तड्यांत दाबाने मिश्रण भरण्यात आले आणि पुढच्या काही वर्षांत भिंतीला खालच्या बाजूने टेकू देणाऱ्या भक्कम आधारभिंती जोडल्या गेल्या. घराची भिंत कलली की तिला बाहेरून पुस्ती देतात, तत्त्व तेच. अवघड होते ते जुन्या कामाला नवे काम एकजीव करणे. चुन्यातला जुना दगड आणि सिमेंटचे नवे काम वेगवेगळ्या गतीने तापतात, आकसतात. दोघांनी भार वाटून घ्यायचा तर सांधा नीट जमला पाहिजे. शिवाय धरण रिकामे ठेवून काम करण्याची मुभा नाही, कारण खालच्या उसाला पाणी हवे. शतक होत आले तरी हे धरण आज दरवर्षी भरते.

भंडारदऱ्याच्या कालव्यांनी खालचा मुलूख बदलून टाकला. श्रीरामपूर-राहात्याच्या पट्ट्यात ऊस आला, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या हंगामात त्याचे धुराडे पेटले. अतिपाण्याने काही जमिनी चोपणही झाल्या. कालव्याच्या पट्ट्याबाहेरची गावे मात्र कोरडीच राहिली. संगमनेर, राहाता, कोपरगावच्या या जिराईत गावांसाठी भंडारदऱ्याखाली प्रवरेवरच दुसरे धरण बांधायचा विचार 1970 च्या सुमारास पुढे आला. तेव्हाचा अंदाज होता सुमारे 8 कोटी रुपयांचा.

हे निळवंडे धरण. भंडारदऱ्यापेक्षा त्याचे तंत्र कितीतरी सोपे. बैलगाड्यांच्या जागी ट्रक, घाण्यांच्या जागी काँक्रीटची यंत्रे, साठाही लहान, साधारण सव्वाआठ अब्ज घनफूट. तरीही भंडारदरा सोळा वर्षांत झाले आणि निळवंड्याच्या कालव्यात पाणी यायला अर्धे शतक लागले. पहिली जागा म्हाळादेवीची होती. तिथे बुडणाऱ्या जमिनींवरून विरोध झाला आणि जागा बदलून निळवंड्याला आली. जागा बदलली की सर्वेक्षण, आराखडा, अंदाजपत्रक सारे नव्याने. मग पुनर्वसनाचा प्रश्न: ज्यांची घरे आणि भातखाचरे पाण्यात जाणार ते अकोल्याचे आणि पाणी मिळणार ते खालच्या तालुक्यांना. त्यानंतर निधीचा. धरणाच्या कामाला दरवर्षी थोडे पैसे मिळाले की काम थोडे पुढे सरकते, तेवढ्यात सिमेंट, लोखंड, मजुरी वाढते, उरलेल्या कामाची किंमत आधीपेक्षा जास्त होते आणि सुधारित मान्यतेसाठी फाइल पुन्हा वर जाते. या फेऱ्यांत 8 कोटींचा प्रकल्प 5177 कोटींवर गेला. यातला मोठा वाटा कालव्यांच्या वाढलेल्या कामाचा आणि भूसंपादनाचा, हेही खरे.

भिंत उभी राहून पाणी अडू लागल्यावरही कालवे तयार नव्हते, आणि धरणाचा अर्थ कालव्याच्या शेवटच्या टोकाला असतो. डाव्या कालव्याची लांबी 85 किलोमीटर. धरणाची भिंत एकाच जागी असते, तिथले भूसंपादन एकदाच होते. कालवा मात्र शेकडो शेतांमधून जातो आणि एका बांधावर अडला तरी त्यापुढचे सगळे किलोमीटर निरुपयोगी ठरतात. सुरुवातीचा भाग अकोल्याच्या डोंगरउताराचा. आधीच धरणात जमिनी गेलेल्या तालुक्यातून उघडा, रुंद कालवा नेण्याला शेतकऱ्यांनी विरोध केला आणि बंदिस्त कालव्याची, म्हणजे जमिनीखालून नळाने पाणी नेण्याची, मागणी केली. उताराच्या खडकाळ जमिनीत कालवा पाझरला की खालचे शेत पाणथळ होते, हा त्यांचा मुद्दा कुणालाही नाकारता येण्यासारखा नव्हता. रेंगाळलेली कामे, मोर्चे, बैठका, कोर्टकचेऱ्या हे सगळे होत होत 31 मे 2023 रोजी डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले. कोरड्या कालव्याच्या काठाने माणसे पाण्याबरोबर चालत गेली, जागोजागी नारळ फुटले. 26 ऑक्टोबरला, शिर्डीचे दर्शनसंकुल खुले झाले त्याच दिवशी, या कालव्याचे रीतसर लोकार्पण झाले.

या योजनेतून नगरमधल्या सहा आणि नाशिकमधल्या एका, म्हणजे सिन्नर, तालुक्यातल्या 182 गावांना पाणी द्यायचे आहे. मुख्य कालव्यातून शेतापर्यंतचे वाटप पूर्वीसारख्या उघड्या चाऱ्यांनी करायचे नाही. ते जमिनीखालच्या नळांतून करण्याची योजना आहे. त्याने जागा वाचते आणि पाझरही. मात्र नळ पुरताना पुन्हा प्रत्येक बांधाशी बोलावे लागते, आणि उतार पुन्हा सगळीकडे सारखा ठेवावा लागतो. मध्ये हवा कोंडू नये म्हणून ठराविक अंतरावर झडपा बसवायच्या असतात. कापूरवाडीच्या खापरी नळांवर चारशे वर्षांपूर्वी हेच काम उच्छ्वास करत होते.